जाणाऱ्या मेलवर पहारा कोणाचा?

सारसोळे गाव नेरुळच्या पोटात आहे. तिथून एका अंगाला सानपाडा-वाशी आणि दुसऱ्या अंगाला बेलापूरपर्यंत न्हावाशेवा बंदराच्या जिवावर चालणारी छोटी कार्यालये पसरली आहेत. क्लिअरिंग एजंट, फॉरवर्डर, ट्रान्सपोर्टर, चारपाच माणसांचे निर्यातदार. बंदर १९८९ साली सुरू झाले तेव्हा हा सगळा धंदा कागदावर होता. आज कस्टम्सचे काम आइसगेट या पोर्टलवर गेले, तरी अरायव्हल नोटीस, बीएलची (बिल ऑफ लेडिंगची) प्रत, डीओसाठी (डिलिव्हरी ऑर्डरसाठी) शिपिंग लाइनला केलेली विनंती हे अजून मेलवरच चालते. अशा कार्यालयाचे मेल एक दिवस परत येऊ लागतात. समोरचा सर्व्हर ५५४ हा आकडा टाकून कळवतो की तुमचा आयपी पत्ता काळ्या यादीत आहे. कंटेनरचे फुकटचे दिवस संपत आलेले असतात, पुढचे डिटेंशन डॉलरमध्ये लागणार असते, आणि आपण कोणाचे काय बिघडवले हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नसते. आदल्या रात्री त्यांच्याच सर्व्हरवरून हजारो फसवे मेल जगभर गेलेले असतात.

दुसऱ्याच्या सर्व्हरला हमाल करून घाऊक मेल पाठवण्याच्या या प्रकाराला रिले म्हणतात. त्यावरचे उपाय गेली पंचवीस वर्षे माहीत आहेत, बरेचसे फुकट आहेत. तरी तो थांबलेला नाही. मला त्याचे मुख्य कारण असे दिसते, की आपण सारा पैसा आणि सारे लक्ष येणाऱ्या मेलवर खर्च करतो. अँटीव्हायरस घेतो, फिल्टर घेतो, इनबॉक्स स्वच्छ राहिला की समाधान मानतो. आपल्या दारातून काय बाहेर पडते आहे, हे पाहायची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

मुळात रिले हा गुन्हा नव्हता, सौजन्य होते. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पाठवण्याच्या रीतीचे, एसएमटीपीचे, नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावरची यंत्रे थोडी होती, तार कधी जोडलेली तर कधी तुटलेली असे. एका यंत्राने दुसऱ्याचा मेल ठेवून घ्यायचा आणि जमेल तेव्हा पुढे द्यायचा, हीच रीत होती. आपल्याकडेही मेल असाच आला. १९८६ पासून शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे, अर्नेट, उभे राहू लागले आणि १९८९ मध्ये जुहूच्या एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटशी थेट जोडणी झाली. देशभरातल्या संस्थांचे मेल या एका दारातून परदेशी जात. कोण पाठवतो आहे याची चौकशी करायची कोणाला गरज वाटली नाही, कारण पाठवणारे सगळे ओळखीचेच होते. हीच एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि बेलापूरच्या टोकाला, खारघर स्टेशनसमोर, तिचे काम आजही चालते.

या सौजन्याचा गैरफायदा घ्यायला बाजार लागतो, तो नंतर आला. त्याआधी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना जाहिरात पाठवली. हा घाऊक मेलचा पहिला नमुना मानतात, पण तो एकटाच राहिला. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने युजनेटवर ग्रीन कार्डाची जाहिरात ओतली आणि त्यात पैसा आहे हे लोकांना दिसले. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. तोवर घाऊक मेलवाल्यांना रिलेची किल्ली सापडली होती. मजकुराची एकच प्रत आणि शंभर पत्ते परक्या सर्व्हरच्या हाती द्यायचे. शंभर प्रती काढण्याचे श्रम, लाइनचे भाडे आणि शिव्या, तिन्ही त्याच्या वाट्याला.

बंदोबस्त मात्र वेगाने झाला, याचे श्रेय त्या पिढीला द्यायलाच हवे. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि सहकाऱ्यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी चालू केली. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने रिले मुळातच बंद ठेवला, ज्याला हवा त्याने मुद्दाम उघडावा. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या माणसांनी मेल सोपवायला पोर्ट ५८७ हे वेगळे दार ठरले. फेब्रुवारी १९९९ मध्ये सर्व्हर कसा राखावा याच्या शिफारशी निघाल्या आणि मार्चमध्ये पासवर्ड देऊन मेल पाठवण्याची सोय आली. त्या सगळ्याचा गाभा एका वाक्यात बसतो. कोणाकडूनही आपल्या डोमेनसाठी आलेला मेल घ्यावा, आपल्या माणसाचा मेल कोणासाठीही घ्यावा, परक्याचा परक्यासाठी कधीच घेऊ नये.

नियम लिहून लोक वळत नाहीत, ते काळ्या याद्यांनी वळवले. ऑर्ब्स नावाची यादी तर न विचारता सर्व्हर तपासायची आणि खुला दिसला की नाव टाकायची. त्यावर भांडणे झाली, खटले झाले, २००१ मध्ये ती बंद पडली. त्या पद्धतीत अन्याय होता हे मान्य आहे. एकाच्या चुकीसाठी त्याच आयपीवरचे वा शेजारच्या पत्त्यांवरचे निर्दोष लोक अडकायचे, आजही अडकतात. तरी माझे मत यादीच्या बाजूने आहे. आपला मेल परत आल्याशिवाय सर्व्हरकडे पाहणारा मालक मला क्वचितच भेटला आहे.

आता नियम लिहिलेला असूनही दार उघडे कसे राहते, ते जरा जवळून पाहू. पोस्टफिक्स हा छोट्या कार्यालयांत सर्रास दिसणारा मेल सर्व्हर. त्यात ‘माय नेटवर्क्स’ नावाची एक ओळ असते. तिच्यात लिहिलेल्या पत्त्यांवरून आलेला मेल पासवर्ड न मागता पुढे जातो. २०१५ मध्ये ३.० आवृत्ती येईपर्यंत, काही न लिहिल्यास, त्या ओळीत सर्व्हरचे सगळे आसपासचे जाळे आपोआप धरले जाई. कार्यालयातल्या बंद जाळ्यात ते खपून जाई, भाड्याच्या सर्व्हरवर मात्र शेजारचे अनोळखी भाडेकरूही घरचे ठरत.

ही ओळ लागते कशाला? कोपऱ्यातल्या झेरॉक्स-स्कॅनरला स्कॅन मेल करायचा असतो, टॅलीला बिल पाठवायचे असते, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला इशारा द्यायचा असतो. जुन्या यंत्रांना पासवर्ड किंवा टीएलएस नीट जमत नाही. म्हणून देखभालीच्या वार्षिक कराराचा माणूस, एएमसीवाला, पूर्ण १९२.१६८.१ ची मालिका त्या ओळीत लिहून मोकळा होतो. वर्षभर काही होत नाही. मग इंटरनेटची कंपनी बदलते, नवा राउटर येतो आणि पोर्ट २५, म्हणजे बाहेरचे सर्व्हर मेल आणून देतात ते दार, आत वळवताना राउटर बाहेरून आलेल्या जोडणीचा मूळ पत्ता पुसून तिथे स्वतःचा टाकतो. सर्व्हरला आता अख्खे जग १९२.१६८.१.१ वरून, म्हणजे घरातूनच, आलेले दिसते. मेलच्या सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो, तरी सर्व्हर खुला झालेला असतो. डॉकरमध्ये मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनाही हाच चटका बसतो. लॉग उघडून पाहिला तर खूण लगेच पटते. बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी राउटरच्याच नावाने नोंदलेली असेल, तर पुढे काही तपासायच्या आधी पोर्ट २५ बंद करावे. त्या ओळीत स्कॅनरचा एकच पत्ता लिहावा, आणि स्कॅनरला फक्त आपल्या डोमेनच्या पत्त्यांवरच पाठवू द्यावे. स्कॅन आधी आपल्याच माणसाकडे यावा, पुढे त्याने पाठवावा.

तपासणीतही एक मेख आहे. कार्यालयात बसून चाचणी घेतली तर निकाल नेहमी चुकीचा येतो, कारण तिथून आपण घरचेच असतो. बाहेरून टेलनेटने पोर्ट २५ ला जोडायचे. सर्व्हर २२० म्हणून स्वागत करतो. ‘हेलो’ म्हणायचे, ‘मेल फ्रॉम’पुढे एक परका पत्ता द्यायचा, ‘आरसीपीटी टू’पुढे आपलाच पण दुसऱ्या डोमेनवरचा पत्ता द्यायचा. धड सर्व्हर तिथेच ‘५५४ रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो. २५० म्हणाला तर काळजीचे कारण आहे, तरी काही सर्व्हर हो म्हणून मेल गुपचूप टाकून देतात, म्हणून मेल खरोखर पोहोचला का तेही बघावे लागते. आणि घरच्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुष्कळदा बाहेर जाणारे पोर्ट २५ कंपनीनेच अडवलेले असते. तिथे जोडणी लागलीच नाही याचा अर्थ रिले बंद आहे असा नव्हे, चाचणीच झालेली नाही.

अशा खुल्या रिलेपेक्षा आज मोठे दुखणे चोरीच्या पासवर्डचे आहे. सर्व्हर नियमाप्रमाणेच वागतो, पासवर्ड बरोबर असतो, फक्त देणारा माणूस वेगळा असतो. लॉगमध्ये ते असे दिसते. रात्री दोनच्या सुमारास ‘अकाउंट्स’ या नावाने एका देशातून जोडणी येते, एक मेल जातो. तो वाट चालू आहे का पाहण्यासाठीचा. थोड्या वेळाने तेच नाव चार वेगवेगळ्या देशांतून एकाच मिनिटात आत येते आणि प्रत्येक मेलला पन्नास-पन्नास पत्ते जोडलेले असतात. रांग फुगू लागते. अर्धे पत्ते मेलेले असतात, त्यांचे ‘मेलर डिमन’ अकाउंट्सच्या पेटीत येऊन पडतात. सकाळी अकाउंट्सचे काम पाहणारी बाई पेटी उघडते, शेकडो अनोळखी परतीचे मेल पाहून हा कसला कचरा म्हणून निवडते आणि पुसून टाकते. पुरावा तिच्या हातातून गेलेला असतो. तिचा यात दोष नाही. असे दिसले तर कोणाला फोन करायचा, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

पासवर्ड जातो कुठून, तर बहुतेकदा साध्या वाटांनी. ‘तुमची पेटी भरली आहे, इथे लॉगिन करा’ असा मेल. दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावर फुटलेला तोच पासवर्ड. किंवा कंपनीचे नाव, पुढे ॲट आणि १२३. इन्फो, अकाउंट्स, एक्सपोर्ट ही नावे तर हल्लेखोर आंधळेपणाने रोज ठोकत असतात. म्हणून पोर्ट २५ वर पासवर्ड स्वीकारणेच बंद करावे, ते फक्त ५८७ किंवा ४६५ वर, टीएलएसच्या आत असावे. वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला फेल-टू-बॅन या प्रोग्रामने अडवावे. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद व्हावीत. ज्या नावाने लॉगिन, त्याच नावाने मेल जावा, अशी अट घालता येते, तीही घालावी. एक गैरसमज इथे फार आढळतो. वेबमेलला ओटीपी लावला म्हणजे झाले, असे मालकाला वाटते. ओटीपी वेबमेलच्या पानाला लागतो. आउटलुक आणि फोन ज्या एसएमटीपीने मेल पाठवतात तिथे अनेक सर्व्हरांवर जुना पासवर्ड तसाच चालत राहतो. त्यासाठी प्रत्येक यंत्राला वेगळा ॲप पासवर्ड द्यावा लागतो.

पण एकच उपाय निवडायचा झाला तर मी मर्यादा निवडीन. एका खात्यावरून तासाला किती मेल, किती पत्ते, याची मर्यादा. जीमेल साध्या खात्याला दिवसाला ५०० वर थांबवतो, वर्कस्पेसच्या खात्याला २,००० वर. कार्यालयातला माणूस तासाला शंभर मेल लिहीत नाही. तेवढी मर्यादा घातली की पासवर्ड चोरीला गेला तरी रात्रीत हजारोंऐवजी काहीशेच मेल जातात, आयपी बहुधा यादीत जात नाही, आणि मर्यादा ओलांडल्याचा इशारा सकाळपर्यंत मिळतो. तो इशारा एसएमएसने किंवा फोनवर यावा, त्याच सर्व्हरच्या मेलने नव्हे. मर्यादेबाहेरचे मेल परत न पाठवता रांगेत थोपवून ठेवावेत, म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या ग्राहकांना पाठवणारा खरा माणूस असेल तर तो फोन करील आणि ते सोडता येतील.

संकेतस्थळावरचा ‘संपर्क करा’चा फॉर्म ही तिसरी वाट. मॅट राइट यांची फॉर्ममेल ही स्क्रिप्ट १९९५ पासून जगभर वापरली गेली आणि काही वर्षांत स्पॅमवाल्यांचे आवडते हत्यार झाली, कारण मेल कोणाला जावा हे ती बाहेरून सांगू द्यायची. आज तेच काम वर्डप्रेसची न सुधारलेली प्लगिन्स करतात. फॉर्मचा मेल यंत्राच्या आतूनच निघतो, म्हणून वरचे सगळे पहारे त्याला लागू होत नाहीत. फॉर्मचा मेल फक्त एका ठरलेल्या पत्त्यावर जावा.

मेल खरोखर त्या डोमेनचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पद्धतींचा उल्लेख आला नाही म्हणून कोणी अस्वस्थ झाला असेल. ते हवेतच. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू घाऊक पाठवणाऱ्यांकडून ते मागू लागले आहेत. पण ते परक्याला आपले नाव वापरू देत नाहीत, आपला सर्व्हर वापरण्यापासून अडवत नाहीत. उलट चोरीच्या पासवर्डने गेलेल्या स्पॅमवर आपलाच सर्व्हर डीकेआयएमची सही करून देतो. २०२४ मध्ये फसव्या मेलवर अशी खरी सही पडणे, पासवर्ड न चोरताही, फार मोठ्या प्रमाणावर घडले. प्रूफपॉइंटच्या मेल गाळणाऱ्या सेवेत, मायक्रोसॉफ्ट ३६५ वरून येणारा मेल ग्राहकाचाच समजून पुढे जाईल अशी ढिली मुभा होती. कोणीही ३६५ चे खाते उघडावे आणि डिस्ने, नाइकी, आयबीएमच्या नावाने मेल सोडावा. गार्डिओ लॅब्सने जुलैत ते उघड केले. दिवसाला सरासरी तीस लाख मेल त्या वाटेने गेले होते, सगळे रीतसर सहीचे. चाळीस वर्षांपूर्वीचा रिले ढगात गेला तरी रिलेच राहिला.

भारताचा हिशेब पाहिला तर तो अभिमान वाटावा असा नाही. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफोस कंपनीच्या पाहणीत स्पॅम रिले करणाऱ्या देशांत आपण पहिले होतो, जगातल्या स्पॅमपैकी ९.३ टक्के आपल्या पत्त्यांवरून निघत होता, अमेरिकेलाही मागे टाकून. पाठवणारे बहुतेक भारतीय नव्हते. घरोघरच्या, चोरीच्या विंडोजवर चालणाऱ्या, अपडेट न मिळालेल्या संगणकांत बसलेले बॉट ते करत होते. त्याच सुमारास ब्राझीलने घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारे पोर्ट २५ देशभर बंद केले आणि तो देश या याद्यांत झपाट्याने खाली गेला. एका निर्णयाचे एवढे स्पष्ट फळ या क्षेत्रात क्वचित दिसते. कॉस-इंडिया या स्पॅमविरोधी संघटनेचे सुरेश रामसुब्रमण्यन यांनी २००५ मध्येच ओईसीडीसाठी लिहिलेल्या अहवालात मांडले होते की विकसनशील देशांना स्पॅम जास्त महागात पडतो, कारण तिथे बँडविड्थ महाग आणि जाणकार थोडे. बँडविड्थ आता स्वस्त झाली. जाणकारांची गोष्ट कार्यालयागणिक वेगळी आहे.

कायद्याकडे वळले तर एक विचित्र पोकळी दिसते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ ची दुरुस्ती झाली, ती ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली. तिच्या कलम ६६-अ मधला तिसरा पोटभाग त्रास देणाऱ्या किंवा मूळ पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणाऱ्या मेलबद्दल होता. स्पॅमला थेट हात घालणारे एवढेच शब्द आपल्याकडे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला, फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्या संतापातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केले. ते रद्द होणे योग्यच होते, कारण त्याच्या आधाराने माणसांची तोंडे बंद केली जात होती. पण त्याबरोबर मेलविषयीचा भागही गेला आणि त्या जागी नेमके, मोजके असे काही आणावे असे कोणत्याही सरकारला वाटले नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. मेलसाठी उरतात ती दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याची, तोतयागिरीची, विनापरवाना शिरकावाची कलमे. ती लावायची तर कोण केव्हा कुठून शिरले हे दाखवावे लागते, आणि त्याला लॉग लागतो.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस राखायला आणि मेल सर्व्हरवरच्या हल्ल्यांसारख्या घटना सहा तासांत कळवायला सांगितले. लिनक्सवर लॉग फिरवणारी सोय मात्र, हात न लावल्यास, साधारण चार आठवड्यांचेच लॉग ठेवते. म्हणजे जो सर्व्हर कोणीही मुद्दाम बिघडवलेला नाही तोसुद्धा पहिल्या दिवसापासून आदेशात बसत नाही. एका फाइलमधला आकडा बदलायचा आहे आणि थोडी डिस्क लागणार आहे. इतके स्वस्त काम सहसा राहून जाते, ते फक्त कोणाचे काम आहे हे ठरलेले नसल्यामुळे.

मग आपला सर्व्हर ठेवावाच का? ज्या कार्यालयात तो सांभाळणारा माणूस नाही, त्याने झोहो किंवा गूगलकडे जावे, असे मी सरळ सांगतो. पण तिथे गेल्यावरही पासवर्ड तुमचाच असतो, संकेतस्थळाचा फॉर्म तुमचाच असतो, आणि स्कॅनरसाठी जुना सर्व्हर कोपऱ्यात चालू ठेवलेला असतो. स्थलांतर झाले म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पहिला तडाखा त्यालाच बसतो. स्थलांतराच्या दिवशीच राउटरवरचे पोर्ट २५ बंद झाले पाहिजे.

आयपी यादीत गेलाच, तर आधी भोक शोधायचे आणि नंतर नाव काढायचा अर्ज करायचा. स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही, काही याद्या लवकर काढायचे पैसे मागतात, ते देऊ नयेत. रांगेत अडकलेला स्पॅम न पुसता अर्ज केला, तर आयपी तासाभरात पुन्हा यादीत जातो. खात्याचा पासवर्ड बदलला तरी आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या चालू राहतात, म्हणून मेल सेवा एकदा बंद करून सुरू करावी लागते.

नेरुळ-बेलापूरकडच्या कार्यालयांची एएमसी बहुधा एक पानाची असते. तीत संगणक, प्रिंटर, अँटीव्हायरस आणि भेटींची संख्या लिहिलेली असते. पुढच्या नूतनीकरणाला मालकाने त्यात लिहून घ्यावे, की जाणाऱ्या मेलवर मर्यादा घातली जाईल आणि ती ओलांडली तर फोन येईल. राउटर बदलल्यावर रिलेची चाचणी बाहेरून घेतली जाईल. ‘पोस्टमास्टर’ आणि ‘ॲब्यूज’ या दोन पत्त्यांवर आलेले मेल एक जिवंत माणूस वाचेल. हे दोन पत्ते प्रत्येक डोमेनवर असावेत असे १९९७ पासून ठरलेले आहे. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला अनोळखी प्रशासक, तुमच्याकडून स्पॅम येतो आहे हे तुम्हाला कळवायला तिथेच लिहितो. बऱ्याच ठिकाणी ते मेल सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पेटीत साचत राहतात.